मराठी टायपिंग पहिल्यापासून: ‘दऱ्या’ लिहायचंय, ‘दर्या’ उमटतोय

डोंगर-दऱ्यांबद्दल लिहायला बसावं आणि स्क्रीनवर समुद्र उमटावा, असा प्रकार मराठी टायपिंग नव्याने करणाऱ्या प्रत्येकाचा होतो. मग ‘ळ’ सापडत नाही, ‘शुद्ध’चं ‘शुध्द’ होतं, ऑफिसातून आलेली फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पाला दिसतो. ही सगळी दुखणी एकाच मुळातून येतात. स्क्रीनवर जे दिसतं ते आणि फाइलमध्ये जे साठतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं टायपिंग सोपं होतं, म्हणून सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी दहा मिनिटं याला द्या.

साठतं काय?

युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. देवनागरीसाठी 0900 पासून पुढे 128 जागा राखलेल्या आहेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि पाय मोडण्याच्या खुणेलाही. जोडाक्षरांना मात्र नाहीत. ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडका, ष अशी तीन चिन्हं. ती ओळीने आली की फॉन्ट त्यांचा एकत्र आकार काढतो.

‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द घ्या. वाचताना चार अक्षरं: वि, द्या, र्थ्यां, ना. साठवलेली चिन्हं मात्र पंधरा: व, वेलांटी, द, पाय मोडका, य, काना, र, पाय मोडका, थ, पाय मोडका, य, काना, अनुस्वार, न, काना. यातून एक रोजच्या कामाची गोष्ट निघते. वर्डसारख्या बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एकेक चिन्ह खोडतं, पण डिलीट अख्खं अक्षर खातं. ‘र्थ्यां’मधला फक्त अनुस्वार काढायचा असेल तर कर्सर त्या अक्षराच्या नंतर ठेवा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. अक्षराच्या आधी जाऊन डिलीट दाबलंत तर पूर्ण ‘र्थ्यां’ जाईल आणि सगळं परत टाइप करावं लागेल.

दुसरा नियम क्रमाचा. चिन्हं बोलण्याच्या क्रमाने टाइप करायची, दिसण्याच्या क्रमाने नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, पण ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण ‘धर्म’ म्हणजे ध, र, पाय मोडका, म. जुन्या टाइपरायटरवर किंवा रेमिंग्टन पद्धतीने हात बसलेल्यांना इथे सर्वांत जास्त त्रास होतो, कारण तिथे वेलांटी आधी आणि रफार नंतर मारायची सवय असते. वेलांटी आधी मारली तर ती ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते. तो गोल म्हणजे ‘हे चिन्ह ज्यावर बसायचं ते अक्षर कुठे आहे?’ असा प्रश्न आहे. तो दिसला की मागे जा, चिन्ह खोडा, क्रम सुधारा.

‘शुध्द’ आणि ‘प्रसिध्द’ हेही क्रमाचंच दुखणं. ‘द्ध’ या जोडाक्षराच्या आकारात ध खाली लोंबकळतो, त्यामुळे डोळ्याला आधी कोण हे कळत नाही. तोंडाने म्हणून बघा: शुद्‍-ध. आधी अर्धा द, मग पूर्ण ध. उद्धव, युद्ध, बुद्धी, पद्धत, सगळीकडे हेच.

फोनवर सुरुवात

फोनवरून सुरुवात करा, कारण तिथे तपासायला सोपं जातं. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड बहुधा असतोच. कुठल्याही चॅटमध्ये कीबोर्ड वर आला की त्याच्या पट्टीवरच्या दातेरी चाकावर बोट ठेवा, तिथून लँग्वेजेस, मग ॲड कीबोर्ड, आणि यादीतून मराठी. आता वर मांडणीचे प्रकार दिसतात आणि इथेच नवखे गडबडतात. एकात इंग्रजी अक्षरं असतात आणि टाइप केलेलं मराठीत उमटतं. दुसऱ्यात थेट देवनागरी अक्षरं असतात. तिसरा हस्तलेखनाचा: बोटाने स्क्रीनवर अक्षर काढायचं. आजी-आजोबांना फोन लावून देत असाल तर हा तिसरा द्या. बाराखडी शोधत बसावं लागत नाही, आणि ज्यांचं अक्षर वळणदार आहे त्यांना तो पटकन जमतो.

डनवर बोट ठेवल्यावर कीबोर्डवर पृथ्वीगोलाचं बटण येतं. त्याने इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. स्पेसबार दाबून धरला तर भाषांची यादीच उघडते, ते जास्त भरवशाचं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स, ॲड न्यू कीबोर्ड, मराठी असा रस्ता आहे. तिथेही देवनागरी आणि लिप्यंतर असे पर्याय मिळतात.

इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत सोपी, पण तिची एक खोड आहे. ती अक्षरं न बघता शब्द ओळखायचा प्रयत्न करते. ‘बाळ’ आणि ‘बाल’, ‘पान’ आणि ‘पाण’ यातलं तुम्हाला कोणतं हवं हे तिला कसं कळणार? म्हणून वरच्या पट्टीत सुचवलेल्या शब्दांकडे नजर ठेवायची आणि हवा तो शब्द बोटाने निवडायचा. न बघता स्पेस मारत सुटलात की ‘गुळ’ आणि ‘गुल’ची खिचडी ठरलेली.

सुचवण्या सारख्या हिंदी वळणाच्या येत असतील, ‘नाही’च्या जागी ‘नहीं’ येत असेल, तर कीबोर्ड हिंदीचा लागलेला आहे. दोन्हींची लिपी एक असल्याने महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. भाषांच्या यादीत जाऊन हिंदी वापरत नसाल तर काढून टाका.

जो शब्द दर वेळी चुकतो, मग ते आडनाव असो की गावाचं नाव, तो एकदाच वैयक्तिक शब्दकोशात टाकून ठेवा. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, पर्सनल डिक्शनरी, मराठी, आणि अधिकचं चिन्ह. तिथे शब्दाबरोबर छोटा संक्षेपही देता येतो. पूर्ण पत्त्याला ‘पत्ता1’ असा संक्षेप दिलात तर तेवढंच टाइप केल्यावर अख्खा पत्ता सुचवला जातो.

कॉम्प्युटरवर: दोन रस्ते

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. ॲड अ लँग्वेज दाबून मराठी शोधा, नेक्स्ट, इन्स्टॉल. इन्स्टॉल करताना मराठीला विंडोजची मुख्य भाषा करण्याचा पर्याय येतो. त्याची खूण करू नका, नाहीतर सगळे मेनू मराठीत होतील आणि शेजाऱ्याला मदतीला बोलावलंत तर तोही चक्रावेल. इंटरनेट चालू असावं लागतं.

मराठी यादीत आली की तिच्या शेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स उघडा आणि ॲड अ कीबोर्डमधून मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा) जोडा. हा फोनेटिक कीबोर्ड विंडोज 10 च्या मे 2019 च्या आवृत्तीपासून आहे. त्याहून जुनं विंडोज असेल तर फक्त इन्स्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेली कळ असलेली मांडणी, मिळेल. कीबोर्ड बदलायला विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा. चार-पाच वेळा दाबूनही मराठी येत नसेल तर यादीत दोन-तीन प्रकारचे इंग्रजी जमले असतील. एक ठेवून बाकीचे काढा.

फोनेटिकने पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं. ज्याला महिन्यातून दोन अर्ज आणि चार निरोप लिहायचे आहेत त्याने तिथेच थांबावं. पण रोज पानभर लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट शिका. फोनेटिकमध्ये डोळे सतत सुचवण्यांच्या यादीवर राहतात. इन्स्क्रिप्टमध्ये जी कळ दाबली तेच चिन्ह येतं, निवडायला काही उरत नाही. शिवाय ही मांडणी भारतीय मानकाचा भाग आहे (1991 चं इस्की मानक), त्यामुळे एकदा शिकलेला हात विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो, आणि हिंदी-गुजराती-बंगालीतही तीच अक्षरं त्याच कळांवर सापडतात.

इन्स्क्रिप्टची गोम

मांडणी वरून अवघड दिसते, पण ती पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यासारखी आहे. डाव्या हाताला सगळे स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मराठी शब्दात व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असं चालत असल्याने दोन्ही हात आलटून पालटून पडतात आणि एक लय येते.

मधली ओळ आधी. (कळांची नावं इंग्रजी अक्षरांनुसार.) डावीकडून: ए वर ो, एस वर े, डी वर पाय मोडका, एफ वर ि, जी वर ु. पुढे एच वर प, जे वर र, के वर क, एल वर त, अर्धविरामाच्या कळीवर च आणि तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट. शिफ्ट धरलं की मात्रेचा पूर्ण स्वर होतो: ो चा ओ, े चा ए, ि चा इ, ु चा उ. पाय मोडक्याचा शिफ्ट म्हणजे अ. व्यंजनांचं शिफ्ट म्हणजे त्याच वर्गातलं हकारयुक्त अक्षर: प चा फ, क चा ख, त चा थ, च चा छ, ट चा ठ. वरच्या ओळीतही हेच चालतं: ब चा भ, ग चा घ, द चा ध, ज चा झ, ड चा ढ. म्हणजे अर्धी मांडणी पाठ केली की उरलेली अर्धी आपोआप येते.

काना इंग्रजी ई वर, दुसरी वेलांटी आर वर, दुसरा उकार टी वर. खालच्या ओळीत एक्स वर अनुस्वार, सी वर म, व्ही वर न, बी वर व, एन वर ल, एम वर स, आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य. त्यांची शिफ्टची जोडपीही लक्षात राहण्यासारखी: म च्या कळीवर ण, ल च्या कळीवर ळ, स च्या कळीवर श, आणि स्वल्पविरामाच्या कळीवर ष.

सराव असा करा. पहिला आठवडा फक्त मधली ओळ. तेवढ्यावर बरेच शब्द होतात: रोप, टोक, चिकट, चित्र. ‘कुत्रे’ म्हणजे के, जी, एल, डी, जे, एस. सहा कळा, सगळ्या एकाच ओळीत, बोट जागचं हलत नाही. दुसऱ्या आठवड्यात वरची ओळ: बाजार, दगड, गाडी, पाहिजे. तिसऱ्यात खालची आणि शिफ्ट. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रविवारी तीन तास बसून भरपाई करायची असेल तर ते जमत नाही. बोटांना सवय रोजच्या रोजच लागते.

नकाशा हवा असेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ या तिन्ही कळा एकत्र दाबा. स्क्रीनवर कीबोर्ड उघडतो आणि चालू भाषेची अक्षरं त्यावर दिसतात. शिफ्ट दाबलं की शिफ्टची अक्षरं. तो एका कोपऱ्यात उघडा ठेवा. कळांवर चिकटवायची स्टिकर्स मिळतात, पण ती लावली की नजर कायम खालीच राहते. न लावलेली बरी.

‘दऱ्या’चा र

आता मूळ दुखण्याकडे. मराठीत र चा पाय मोडला की दोन रूपं होतात. एक डोक्यावरचा रफार: दर्या, आचार्य, कार्य. दुसरं डोळ्याच्या पापणीसारखं, आडवं वळलेलं: दऱ्या, वाऱ्यावर, बिऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास. हे दुसरं रूप बहुतेक य आणि ह यांच्या आधीच येतं. फरक केवळ वळणाचा नाही. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यात प्रवचन होणार की जेवण हे ठरतं.

साधा र, पाय मोडका, य असं टाइप केलं की युनिकोड रफार देतं. पापणीचा र हवा तर खाली टिंब असलेला ऱ वापरायचा: ऱ, पाय मोडका, य. युनिकोडच्या तक्त्यात हा ऱ मुळात द्रविडी भाषांमधला एक वेगळा र नागरीत लिहिण्यासाठी आहे, पण त्याचं अर्धं रूप म्हणजे आपला पापणीचा र, असं तिथेच नोंदवलेलं आहे. इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट + जे वर बसतो. ‘वाऱ्यावर’ म्हणजे बी, ई, शिफ्ट + जे, डी, तिरपी रेघ, ई, बी, जे. फोनेटिकमध्ये सुचवण्यांच्या यादीत तो शब्द शोधावा लागतो. तिथेही नसेल तर वर्डमध्ये एक चोरवाट आहे: इंग्रजी आकड्यांत 0931 टाइप करा आणि लगेच ऑल्ट + एक्स दाबा. आकड्यांच्या जागी ऱ येतो.

हीच चोरवाट ‘ॲ’साठी: 0972, मग ऑल्ट + एक्स. ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’मधला हा स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आला. तोवर लोक अ वर चंद्र टाकून काम भागवत होते, आणि अजूनही पुष्कळ जण तसंच करतात. तिसरी मंडळी हिंदीतला ए वर चंद्र असलेला ऍ वापरतात. पहिली दोन रूपं डोळ्याला सारखी दिसतात, पण कॉम्प्युटरला ती पूर्ण वेगळी आहेत. एकाने शोधलंत तर दुसरं सापडेलच असं नाही.

अशा दिसायला सारख्या जोड्या आणखी आहेत, आणि शोधाशोधीत त्या फार दगा देतात. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन मारणं सर्वांत सर्रास. ‘दु:ख’ वाचायला ठीक वाटतं, पण विसर्गाचा ‘दुःख’ शोधलात तर ते सापडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये विसर्ग शून्याच्या शेजारच्या संयोगचिन्हाच्या कळीवर, शिफ्ट धरून. ‘आ’ लिहिताना अ आणि काना असे दोन तुकडे जोडू नका. ‘डॉक्टर’मध्ये काना आणि वर चंद्र असे वेगवेगळे मारू नका, ‘ॉ’ हे एकच चिन्ह आहे. दोनशे नावांच्या यादीत निम्मे ‘डॉ.’ असे आणि निम्मे तसे असतील तर क्रमवारी लावताना त्यांचे दोन गट पडतात आणि कारण डोळ्याला दिसत नाही.

जोडाक्षर होऊ द्यायचं नसेल, म्हणजे ‘उद्घाटन’ऐवजी पाय मोडलेला द सुटा दाखवून ‘उद्‌घाटन’ हवं असेल, तर द, पाय मोडका यांच्यानंतर एक अदृश्य चिन्ह टाकायचं असतं. वर्डमध्ये 200 आणि इंग्रजी सी असं लिहून ऑल्ट + एक्स. स्क्रीनवर काही दिसत नाही, पण द आणि घ यांच्यात भिंत उभी राहते. हे चिन्ह पासवर्डात किंवा फाइलच्या नावात चुकूनही जाऊ देऊ नका. नाव बरोबर लिहिलंय आणि फाइल सापडत नाही, असा तिढा होतो.

फॉन्ट, आणि मराठी ल-श

विंडोजमध्ये मंगल हा देवनागरी फॉन्ट वर्षानुवर्षं आहे. त्याची अक्षरं सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवली. नव्या विंडोजमध्ये निर्मला असतो. दोन्ही वाचायला ठीक. पण मराठी वाचकाला एक गोष्ट खटकते: ल आणि श यांची वळणं हिंदी धाटणीची दिसतात. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणं प्रमाण ठरवली आहेत. गंमत अशी की या वळणांसाठी युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नाहीत. ल तोच, आकार फॉन्टचा. काही फॉन्टांमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली असेल तर मराठी वळण आपोआप येतं. सुरुवातीपासूनच मराठी वळण हवं असेल तर राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरून बघा.

वर्डमध्ये फॉन्ट बदलूनही मराठीचा आकार जागचा हलत नसेल तर कंट्रोल + डी दाबा. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स नावाचा वेगळा कप्पा असतो. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथून ठरतो. वरच्या पट्टीतला आकडा कधी कधी फक्त इंग्रजीला लागतो.

बिघडलं तर आधी लक्षण बघा

मराठी नीट दिसत नसेल तर ‘फाइल खराब झाली’ म्हणून पुसू नका. नेमकं काय दिसतं यावरून दुखणं कळतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर सुखरूप आहे, फक्त फॉन्ट नाही. या चौकोनांना इंग्रजी जाणकार टोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव ‘टोफू नको’ यावरूनच पडलंय. नोटो देवनागरी टाका, चौकोन जातील.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी छोटा ए आणि त्याला चिकटून चार पाय फुटलेलं वर्तुळ किंवा येनचं चिन्ह, अशी रांगच रांग दिसत असेल तर मजकूर अजूनही सुखरूप आहे, प्रोग्रॅम तो चुकीच्या पद्धतीने वाचतोय. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे हमखास होतं. ती तशीच सेव्ह करू नका, बंद करा. कोरं एक्सेल उघडून डेटा, मग फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये 65001 युनिकोड यूटीएफ-8 (युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) घ्या. पुढे स्वतः सीएसव्ही करताना सेव्ह ॲजमध्ये सीएसव्ही यूटीएफ-8 हा प्रकार निवडला की समोरच्याला त्रास होत नाही.

प्रश्नचिन्हं दिसत असतील, साठलेल्या चिन्हागणिक एक, तर मात्र वाईट बातमी आहे. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून ॲन्सी (ANSI) या मराठी न मावणाऱ्या जुन्या प्रकारात सेव्ह केलं की मूळ क्रमांक फेकून दिले जातात आणि प्रत्येकाच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. ते परत येत नाही. नोटपॅड ती ताकीद देतो, पण आपण ओके मारून मोकळे होतो. सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 आहे ना, एवढं बघायचं.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर मजकूर जुन्या फॉन्टातला आहे. युनिकोड रुळण्याआधी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवले होते. कृतिदेवमधलं ‘मराठी’ म्हणजे फाइलमध्ये छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. फॉन्ट असेल तोवर ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. यावर दोन उपाय. पहिला रूपांतरक: फॉन्टचं नेमकं नाव वर्डच्या पट्टीत बघा आणि त्याच फॉन्टचं युनिकोड रूपांतर करणारं साधन वापरा. प्रत्येक फॉन्टची जागावाटणी वेगळी असते. कृतिदेवचं साधन शिवाजीला लावलंत तर एक कचरा जाऊन दुसरा येईल. मजकुरात मधेच खरं इंग्रजी असेल तर तो भाग आधी बाजूला काढा, नाहीतर त्याचंही ‘मराठी’ होईल.

दुसरा उपाय ज्याच्याकडे फक्त पीडीएफ आहे त्याच्यासाठी. पानांची चित्रं करा (स्क्रीनशॉटही चालतो), दर चित्र 2 एमबीच्या आत ठेवा, गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट-क्लिक करून ओपन विथमधून गूगल डॉक्स निवडा. चित्राखाली वाचलेला मजकूर येतो. छापील मजकूर चांगला ओळखला जातो. चुका ठरावीक असतात: घ आणि ध, भ आणि म, पापणीचा र, आणि अनुस्वार. तेवढ्यांवर नजर ठेवून एकदा वाचून काढायचं.

फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये पाय मोडके उघडे पडले आणि वेलांटी भलत्या जागी गेली, तर फॉन्टला दोष देऊ नका. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, फोटोशॉपमध्ये टाइपच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी लेआउट. लग्नपत्रिकांवर ‘चि. सौ. कां.’ची वाट लागते ती बहुधा इथेच.

बोलून लिहायचं असेल तर

क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, टूल्स, व्हॉइस टायपिंग (किंवा कंट्रोल + शिफ्ट + एस), माइकच्या वरच्या यादीतून मराठी निवडा आणि माइकवर क्लिक करा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, आणि वाक्य पूर्ण म्हणायचं. एकेक शब्द सुटा बोललात तर चुका वाढतात, कारण आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधला जातो. पूर्णविराम, स्वल्पविराम नंतर हाताने घाला. नावं आणि आकडे हमखास तपासा.

आकड्यांवरून एक: बँकेचे, परीक्षेचे, सरकारी ऑनलाइन फॉर्म भरताना फोन नंबर आणि पिनकोड इंग्रजी आकड्यांतच टाका. १२३ आणि 123 यांचे क्रमांक वेगळे असल्याने अनेक फॉर्म देवनागरी आकडे ‘अवैध’ म्हणून परत करतात, आणि चूक काय ते सांगत नाहीत.

लांबीचा हिशेब

साधा इंग्रजी एसएमएस 160 चिन्हांचा. त्यात एक जरी मराठी अक्षर आलं की अख्ख्या निरोपाची मर्यादा 70 वर येते, आणि लांब निरोप 67-67 च्या तुकड्यांत मोडतो. मोजताना दिसणारी अक्षरं धरायची नाहीत, साठलेली चिन्हं धरायची. ‘आजी, मी निघालो. पोचल्यावर फोन करतो.’ एवढ्यातच स्पेस आणि विरामचिन्हं धरून 35 होतात, म्हणजे निम्मा एसएमएस. शाळा, सोसायटी, पतपेढी यांच्याकडून शेकड्याने एसएमएस पाठवणाऱ्यांनी मजकूर ठरवताना हे मोजून घ्यावं, कारण पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात.

वेबपत्त्यात मराठी शब्द असेल आणि तो कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांचं शेपूट येतं तेही यामुळेच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाची 45 होतात. लिंक बिघडलेली नसते. पेस्ट करा, ती उघडते.

फाइलला नाव देताना मराठी चालतं, पण ती झिप करून जुन्या विंडोजवर पाठवणार असाल तर नावाचा कचरा होऊ शकतो. अशा वेळी फाइलचं नाव इंग्रजीत ठेवा, आतला मजकूर खुशाल मराठीत.